इन्फोटेनमेंट युनिट खरंच आतून गेलंय का? बोर्डाला दोष देण्याआधीची तपासणी, क्रमाने

गाडीची स्क्रीन काळी पडते, युनिट आपोआप रीस्टार्ट होतं, आवाज जातो किंवा टच स्वतःच्या मनाने चालायला लागतो. मग डॅशबोर्डची पट्टी उपसली जाते, युनिट बाहेर येतं, कुणीतरी ‘मदरबोर्ड गेलाय, नवीन टाका’ म्हणतं. नवीन बसतं आणि चार दिवसांत तोच त्रास पुन्हा सुरू. इथे बहुतेक वेळा निदानाचा क्रम उलटा झालेला असतो. ‘आतला बिघाड’ हा सगळ्यात शेवटी काढायचा निष्कर्ष आहे. पुरवठा, अर्थिंग, गाडीतलं नेटवर्क आणि जोडलेली उपकरणं ठीक आहेत हे मीटरवर दिसल्याशिवाय बोर्डाकडे वळायचं नाही.

खालचा क्रम कंपनीने बसवलेल्या युनिटला चालतो आणि बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड प्लेअरलाही. गाडी वॉरंटीत असेल तर टप्पा २ नंतर थांबा आणि केलेली नोंद घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. सील तुटलं की वाद घालायला जागा राहत नाही.

आधी जमवायचं सामान

डिजिटल मल्टिमीटर, बारीक टोकाच्या प्रोब, दोन वायरी जोडलेला २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, प्लॅस्टिकची ट्रिम काढायची हत्यारं, टॉर्च, मास्किंग टेप आणि खात्रीची एक डेटा केबल. टेबलावर तपासायचं असेल तर करंट मर्यादा लावता येणारा, ५ अँपिअरपर्यंतचा पॉवर सप्लाय हवा. स्क्रू ड्रायव्हरने पट्टी उचकटू नका. क्लिप तुटतात आणि नंतर खड्ड्यांतून जाताना डॅशबोर्ड खडखडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या मॉडेलची वायरिंग आकृती. ती नसेल तर निदान रंगांच्या भरवशावर होतं, आणि कंपनीच्या वायरिंगमध्ये रंगांचा भरवसा नसतो.

टप्पा १: तक्रार नेमकी लिहा

‘चालत नाही’ एवढ्यावर काही ठरत नाही. स्क्रीन काळी असताना एफएम वाजतो का? स्टिअरिंगवरच्या बटणाने आवाज कमी-जास्त होतो का? फोन ब्लूटूथला जोडला जातो का? ही उत्तरं ‘हो’ असतील तर प्रोसेसर जिवंत आहे आणि शोध डिस्प्लेपुरता उरतो. अंधारात, टॉर्च तिरपा धरून स्क्रीनवर मारा. पुसट मेन्यू दिसला तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा प्रकाश गेलाय. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, फुकट आहे आणि तरीही कुणी करत नाही.

नंतर बिघाड केव्हा होतो ते लिहा.

- सेल्फ मारताना रीस्टार्ट: बॅटरी किंवा पुरवठ्याची तार.
- चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जाणं: कायम पुरवठा येत नाही.
- नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्याबाहेर मे महिन्यात दिवसभर उन्हात उभी राहिल्यावरच हँग: उष्णता, पंखा, सोल्डरचे सांधे.
- निफाडकडच्या डिसेंबरच्या पहाटे सुरू व्हायला नखरे, तापली की ठीक: थकलेले कपॅसिटर, नाहीतर थंडीत कुरकुरणारी बॅटरी.
- जुलैत कसारा-इगतपुरीचा पाऊस खाल्ल्यानंतर: काचेच्या रबरातून, सनरूफच्या नळीतून किंवा एसीच्या तुंबलेल्या ड्रेनमधून आलेलं पाणी.

हे संशय आहेत, निकाल नव्हेत. मोजायला कुठून सुरुवात करायची एवढंच त्यातून कळतं.

द्राक्षपट्ट्यातल्या गाड्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. भुरीसाठी आणलेली गंधकाची पोती बंद गाडीतून वाहून नेली जातात. गंधक तांब्याला आणि चांदीला काळं करतो. अशा गाडीत कपलरच्या (तारा जोडायच्या प्लगच्या) पिना काळपट दिसल्या तर नवल नाही, आणि तो दोष बोर्डाचा नाही.

टप्पा २: बॅटरी मोजा, कोड वाचा

गाडी तासभर बंद ठेवा, मिनिटभर हेडलाइट लावून विझवा आणि मग बॅटरीच्या टोकांवर मोजा. पूर्ण भरलेली साधी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग आणि मग बाकीचं. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ अपेक्षित असतं; नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर अधूनमधून त्याहून कमी देतो, त्यावरून घाबरू नका.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक इंजिनचेच कोड दाखवतो, त्यामुळे ‘नो कोड’ पाहून युनिटला निर्दोष ठरवता येत नाही. बॉडी आणि नेटवर्कचे कोड वाचणारा स्कॅनर हवा. ‘यू’ने सुरू होणारे कोड संपर्काचे, ‘बी’ने सुरू होणारे बॉडीचे. यू-०१८४ म्हणजे रेडिओशी संपर्क तुटला. रेडिओ मेला असा त्याचा अर्थ होत नाही. रेडिओला वीज मिळाली नाही तरी दुसरी मॉड्यूल (गाडीतले इतर छोटे संगणक) हाच कोड नोंदवतात.

थांबा: बॅटरीची तार काढण्याआधी कोड लिहून घ्या, पुसू नका. काही रेडिओ वीज तुटल्यावर पिन कोड मागतात. तो हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ३: पुरवठा आणि अर्थिंग, पण लोडखाली (करंट वाहत असताना)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

युनिटला कायम पुरवठा, चावीचा पुरवठा म्हणजे एसीसी आणि ग्राउंड लागतो. बाजारातल्या प्लेअरच्या हार्नेसमध्ये सहसा पिवळी वायर कायम, लाल एसीसी आणि काळी ग्राउंड. आयएसओ मानकाच्या कपलरवर पिन ४ कायम, ७ एसीसी, ८ ग्राउंड. काही गाड्यांत ४ आणि ७ अदलाबदल असतात. तसं असताना साधा अडॅप्टर लावला की दर वेळी सेटिंग पुसलं जातं आणि ‘मेमरी आयसी गेला’ असं निदान होतं. दोन पिनांची अदलाबदल एवढंच काम असतं.

फ्यूज डोळ्यांनी पाहून सोडू नका. जागेवरच, त्याच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांवर व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे.

मग युनिटचा कपलर सोडवा. मीटर कायम पुरवठ्याच्या पिनवर १२.५ दाखवेल आणि बहुतेक जण इथेच ‘सप्लाय ओके’ म्हणून मोकळे होतात. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका धाग्यावर तगलेली तारही त्याला धडधाकट वाटते. २१ वॉटचा बल्ब कायम पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. तार निकोप असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि आकडा जेमतेम हलतो. सडलेली असेल तर बल्ब लालसर मिणमिणतो आणि १२.५ चे ७ होतात. माग काढत गेलात तर फ्यूजच्या खाचेत हिरवी पूड, उंदराने कुरतडलेली वायर किंवा टेपखाली नुसती पीळ दिलेला जोड सापडतो.

बल्ब पेटलेला असतानाच दोन मोजमापं घ्या:

१. बॅटरीच्या धन टोकापासून कपलरच्या कायम पुरवठ्याच्या पिनपर्यंत: ०.३ व्होल्टच्या आत.
२. कपलरच्या ग्राउंड पिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत: ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी.

दुसरा आकडा जास्त आला तर अर्थिंग खराब आहे. स्पीकरमध्ये अल्टरनेटरची शिट्टी, टचवर भुताटकी, रिव्हर्स कॅमेऱ्याच्या चित्रात पट्ट्या, यातल्या कितीतरी तक्रारी एका गंजलेल्या ग्राउंड बोल्टपाशी संपतात. बोल्ट काढा, धातू उघडा पडेपर्यंत घासा, परत घट्ट आवळा.

थांबा: एसीसीच्या तारेवर बल्ब लावू नका. पुष्कळ गाड्यांत ती बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून येणारी सिग्नलची तार असते. तिच्यावर मीटरच वापरा. काही गाड्यांत एसीसीची तारच नसते, चालू होण्याचा आदेश नेटवर्कवरून येतो. तिथे ‘लाल वायर मिळत नाही’ म्हणून फ्यूजबॉक्समधून नवी वायर ओढणं म्हणजे नवा बिघाड विकत घेणं.

थांबा: जाड प्रोब कपलरच्या खाचेत दाबून घुसवू नका. पिन पसरते, पकड सैल होते आणि खड्ड्यात बंद पडणारं युनिट तुम्हीच तयार करता. मागच्या बाजूने बारीक पिन घालून मोजा.

टप्पा ४: बाहेरची उपकरणं एकेक करून सोडवा

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, डॅशकॅम, कॅमेरा, बाहेरचा अँप्लिफायर, जीपीएस अँटेना, माइक: सगळं काढा. फक्त वीज आणि नेटवर्क ठेवून युनिट सुरू करा. नीट चाललं तर एकेक वस्तू जोडत जा आणि प्रत्येकीनंतर गाडी पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. खराब फाइल असलेला पेन ड्राइव्ह युनिटला सुरुवातीलाच अडकवून ठेवू शकतो. अँड्रॉइड ऑटो तुटत असेल तर आधी केबल बदला, मग यूएसबी पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट येतात का पाहा.

आवाज गेला असेल तर अँप्लिफायर आयसी बदलायची घाई करू नका. स्पीकरच्या प्रत्येक जोडीचा रोध मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. मग प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात मोजा. तिथे काहीही जोड दिसता कामा नये. दिसला तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर सोलली आहे का ते बघा. एका दाराची वायर बॉडीला लागली की आयसी स्वतःला वाचवण्यासाठी चारही स्पीकर बंद करू शकतो. स्पीकरची काळ्या पट्ट्याची वायर ही ग्राउंड नाही. ती बॉडीला जोडण्याची जुनी सवय या आयसीचा जीव घेते.

टप्पा ५: नेटवर्क

बॅटरीची ऋण तार काढा, मॉड्यूल शांत व्हायला काही मिनिटं द्या आणि ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) पिन ६ व १४ मध्ये रोध मोजा. हाय-स्पीड कॅनच्या, म्हणजे मॉड्यूलना जोडणाऱ्या दोन तारांच्या नेटवर्कच्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० म्हणजे एक टोक तुटलेलं, शून्याजवळ म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या. मात्र गेटवे (नेटवर्कच्या शाखा वेगळ्या ठेवणारं मॉड्यूल) असलेल्या गाडीत ओबीडीवर फक्त निदानाची शाखा दिसते आणि तिथला आकडा वेगळा असू शकतो. युनिटची शाखा त्याच्याच कपलरवर मोजावी लागते.

तार परत जोडून, चावी चालू करून, ग्राउंडच्या संदर्भात मोजा: कॅन-हाय २.५ व्होल्टपेक्षा थोडं वर, कॅन-लो थोडं खाली. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे आकडे डगमगतात आणि तसेच डगमगायला हवेत. दोन्ही तारांवर ठाम २.५ असेल तर त्या शाखेवर कुणी बोलतच नाहीये.

बाहेरच्या प्लेअरमध्ये स्टिअरिंगची बटणं किंवा रिव्हर्सचा संकेत गेला असेल तर कॅनबस डीकोडरची डबी (कॅनवरचे संदेश प्लेअरला समजतील असे करून देणारी) आणि प्लेअरच्या सेटिंगमधली गाडीची निवड आधी तपासा.

टप्पा ६: रीसेट आणि सॉफ्टवेअर

आधी पुस्तिकेत दिलेला साधा रीस्टार्ट. फॅक्टरी रीसेट नंतर, तोही सेटिंगचे फोटो काढून. अपडेट करायचं तर युनिटचा पार्ट नंबर आणि हार्डवेअर आवृत्ती फाइलशी तंतोतंत जुळली पाहिजे. ‘याच मॉडेलची आहे, चालेल’ या बोलीवर टाकलेली फाइल चालतं युनिट दगड करते. अपडेट होईपर्यंत बॅटरीला चार्जर लावून ठेवा.

तपासा: इथपर्यंत लोडखाली पुरवठा ठीक, ग्राउंड ठीक, उपकरणं काढूनही बिघाड कायम, नेटवर्क ठीक, रीसेटने फरक नाही. या पाचपैकी एकही उत्तर अंदाजाने दिलेलं असेल तर युनिट काढू नका, मागे जा.

टप्पा ७: युनिट काढा आणि टेबलावर लावा

चावी बंद, बॅटरीची ऋण तार बाजूला, आणि एअरबॅगची साठलेली वीज उतरायला पुस्तिकेत दिला असेल तेवढा वेळ थांबा. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना हात लावू नका, त्यांच्यात मीटर तर अजिबात घालू नका. प्रत्येक कपलरचा फोटो, प्रत्येकावर टेपचा तुकडा. प्रवाशाच्या बाजूला ओघळ, पांढरी पूड किंवा चिखलाची रेघ दिसते का पाहा. पाणी वरून येत असेल तर बोर्ड धुऊन उपयोग नाही, आधी गळती बंद करा.

वीज देण्याआधी मीटरने युनिटच्या कायम पुरवठा आणि ग्राउंड पिनांमधला रोध मोजा. थेट शून्य आला तर आत शिरताच बसवलेला संरक्षक डायोड शॉर्ट झालाय का पाहा. उलट्या तारा लावून जंपस्टार्ट केलेल्या गाडीत हा हमखास संशयित. पुढच्या भागाला वाचवण्यासाठीच तो तिथे असतो. तो बदलून युनिट उठलं तर ‘बोर्ड गेला’ हे निदान तिथेच खोटं ठरतं. पण तो नुसता काढून मोकळे होऊ नका, त्याच दर्जाचा नवा लावा.

शॉर्ट नसेल तर सप्लाय १३ व्होल्टवर, करंटची मर्यादा ०.३ अँपिअरवर ठेवून फक्त कायम पुरवठा द्या. करंट क्षणभर उसळून खाली बसला पाहिजे. मग मर्यादा ३ अँपिअरपर्यंत वाढवून एसीसी द्या आणि स्क्रीनकडे न बघता सप्लायच्या आकड्याकडे बघत राहा. सुरू होणाऱ्या युनिटचा करंट चढतो, हेलकावे खातो आणि स्थिरावतो. दर काही सेकंदांनी चढून त्याच जागी कोसळत असेल तर युनिट बूट होताना अडकतंय. अजिबात हलत नसेल तर आतला पुरवठा उठत नाहीये किंवा चालू होण्याचा संकेतच पोचलेला नाही.

थांबा: नेटवर्कवरच्या आदेशाने जागं होणारं युनिट टेबलावर नुसत्या विजेने उठत नाही. चोरीविरोधी कुलूप असलेलं युनिट अर्धवट उठतं. दोन्ही बिघाड नव्हेत. अशा वेळी संदेश पाठवणारं उपकरण लागतं, किंवा गाडीतच लांब वायरी काढून तपासावं लागतं.

टप्पा ८: आत नेमकं काय

इथून पुढे अंगावरची स्थिर वीज उतरवणारा मनगटी पट्टा आणि भिंग लागतं. स्वतःकडे मायक्रोस्कोप आणि हॉट एअर नसेल तर नाशिकच्या एमजी रोडवरच्या मोबाइल बाजारात बोर्डाचं काम करणारा कारागीर गाठा, पण सोबत तुमची मोजमापं लिहून न्या. ‘बघा काय झालंय’ म्हणून बोर्ड हातात दिला की पहिलं काम सरसकट हॉट एअर फिरवण्याचं होतं, आणि त्यानंतर मूळ दोष कुठला होता हे कुणालाच सांगता येत नाही.

*पुरवठ्याचा भाग.* १२ व्होल्टचे ५, ३.३, १.८ आणि त्याहून कमी व्होल्टचे पुरवठे बनतात. प्रत्येक कॉइलच्या बाहेरच्या टोकावर मोजा. कुठलाच उठत नसेल तर पहिल्या कन्व्हर्टरकडे, एकच पडलेला असेल तर त्याच्यावरच्या लोडकडे बघा. प्रोसेसरच्या मुख्य पुरवठ्याचा ग्राउंडशी रोध मुळातच काही ओहम असू शकतो. त्याला शॉर्ट समजून प्रोसेसर काढणारे लोक आहेत. खरा शॉर्ट असेल तर त्या पुरवठ्याच्या मर्यादेतच, १ व्होल्टच्या आत, करंट सोडा आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. जिथून ते सगळ्यात आधी उडतं तो भाग तापतोय. बऱ्याचदा तो मोहरीएवढा सिरॅमिक कपॅसिटर निघतो.

*मेमरी.* लोगोवर अडकणं, सेटिंग न टिकणं, महिन्यागणिक वाढत जाणारा संथपणा ही ईएमएमसी चिप थकल्याची लक्षणं. फ्लॅश मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते आणि सतत नोंदी लिहिणारं सॉफ्टवेअर ती संपवतं. अमेरिकेत २०२१ साली टेस्लाने याच कारणासाठी सुमारे १,३५,००० मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या परत बोलावल्या. त्यांच्यात ८ जीबीची ईएमएमसी होती. ईएमएमसी ५.० आणि पुढच्या चिप स्वतःच्या झिजेची नोंद ठेवतात, ती वाचता येते. काहीही करण्याआधी चिपची पूर्ण प्रत काढून ठेवा. गाडीशी जुळलेल्या खुणा तिच्यातच असू शकतात, आणि कोरी चिप लावली की त्या कुठूनही मिळत नाहीत. बूटचा लॉग वाचायला सिरियल पिना जोडताना त्या ३.३ व्होल्टच्या आहेत की १.८ च्या हे मोजून घ्या. ५ व्होल्टचा अडॅप्टर लावलात तर प्रोसेसरची पिन जाते.

*सोल्डर.* तापल्यावरच बिघडणारं युनिट टेबलावर हेअर ड्रायरने हलकं गरम करून बघा. बोर्डाच्या कोपऱ्याला बोटाने दाबल्यावर सुरू झालं तर मोठ्या चिपखालचे सांधे तडकलेत. नुसतं गरम करून ‘ठीक’ केलेलं युनिट पुढच्या उन्हाळ्यात परत येतं. चिप काढून सोल्डरचे नवे गोळे लावून बसवावी लागते.

*डिस्प्ले.* पट्टी केबल काढून कॉन्टॅक्ट पुसा, परत बसवा, कुलूप नीट लावा. टचची भुताटकी काच निघालेली असताना थांबत असेल तर पॅनेल बदला, बोर्ड नको.

टप्पा ९: परत बसवण्याआधी

पट्ट्या दाबण्याआधी सगळे कपलर जोडून चाचणी घ्या: रेडिओ, फोन, कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं, चारही स्पीकर. एअरबॅगचा दिवा विझतो का पाहा. वीज तुटल्यामुळे खिडक्यांचं एका दाबात वर जाणं बंद झालं असेल तर पुस्तिकेप्रमाणे पुन्हा शिकवा.

शेवटी झोपेतला करंट. बॅटरीच्या ऋण तारेत मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवरून लावा, गाडी कुलूपबंद करा आणि अर्धा-पाऊण तास वाट पाहा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा उतरायला हवा. उतरला नाही तर युनिटचा फ्यूज काढा. तेवढ्याने आकडा खाली आला तर युनिट झोपत नाहीये. बोर्ड पुन्हा उघडण्याआधी चावी काढल्यावरही एसीसीच्या तारेवर व्होल्टेज राहतंय का ते मोजा.